माडीवरची सागवानी जमीन



जमीन हा शब्द ऐकला की आपल्या माणसाचे कान टवकारतात. गायरानाची जमीन, इनामाची जमीन, सातबाऱ्यावर नाव नसलेली पण तीन पिढ्यांनी कसलेली जमीन असे सगळे डोळ्यांपुढे उभे राहते. १९५९ आणि १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले, ते याच जमिनीसाठी. पण आज आम्ही लिहिणार आहोत ते वेगळ्या जमिनीविषयी. घरातल्या, पायाखालच्या, रोज झाडायच्या आणि पुसायच्या जमिनीविषयी. विषय लहान वाटेल. आम्हालाही लहानच वाटला होता. पण त्या जमिनीने आम्हाला गुडघ्यांवर बसवले आणि बरेच काही शिकवले, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०१८ साली आम्ही जुन्या जालन्यात एक जुने घर विकत घेतले. खाली दोन खोल्या, मागे न्हाणी, आणि लाकडी जिन्याने वर गेले की एक माडी. भिंती दगडमातीच्या, तुळया सागवानी. मूळ मालकाची मुले परगावी स्थायिक झालेली, त्यांना घर काढून टाकायचे होते. दलालाने तेव्हाच सल्ला दिला, "साहेब, हे पाडा. जुने सागवान विकून चार पैसे येतील. त्यात भर घालून वर स्लॅब टाका." सल्ला व्यवहाराचा होता. पण पतसंस्थेचे कर्ज खरेदीतच संपले होते. कारकुनाच्या पगारात हप्ता भरून स्लॅब कुठला? माडी होती तशीच राहिली.

माडीवर आधीच्या लोकांनी प्लॅस्टिकची चटई अंथरलेली होती. ती उचलली तर खाली सारवलेल्या मातीचा दीड-दोन बोटांचा थर. आपल्याकडच्या जुन्या घरांत कडीपाटावर माती टाकून वरून सारवण्याची रीतच होती. ही माती मात्र भेगाळलेली. फटींतून ती खाली स्वयंपाकाच्या भांड्यांत गळायची. एका रविवारी आम्ही खोऱ्या-घमेले घेऊन ती काढायला लागलो. तळाशी फावडे लागले आणि टणक आवाज आला. झाडून पाहिले तर विटक्या रंगाच्या रुंद फळ्या. बोटावर थुंकी लावून जरा चोळले, तर आत तांबूस सोनेरी रेषा! आमच्या आयुष्मती म्हणाल्या, "अहो, हे तर अस्सल सागवान दिसतंय!"

आम्ही मायला वर बोलावले. माय तेव्हा साठीच्या पुढची. हळूहळू जिना चढली, पण शेवटच्या पायरीवर थांबली. चप्पल काढून हातात घेतली आणि तिथूनच माडीकडे पाहत राहिली.

"ये ना आत," आम्ही म्हणालो.

"येते रे लेकरा. माडी म्या आजलोक खालूनच बघितली."

मायचे माहेर अंबड तालुक्यातले. लहानपणी ती आपल्या आईसोबत गावातल्या एका वाड्यावर कामाला जायची. अंगण, ओटा आणि गोठा सारवून द्यायचा. शेणाचे टोपले डोक्यावर, पाणी मात्र वाड्यातले माणूस वरून ओतणार. उंबऱ्याच्या आत पाय नाही. सारवणाची बोटे अशी फिरवायची की अंगणात सगळीकडे सारखी कमान उमटली पाहिजे, आणि आपणच सारवलेल्या अंगणावरून परत जाताना कडेकडेने जायचे, पाऊल उमटू द्यायचे नाही. मजुरी म्हणजे दिवस मावळताना पदरात टाकलेली भाकर. १९७२ च्या दुष्काळात तीही बंद झाली आणि माय खडी फोडायला गेली. त्या वाड्याच्या माडीवर कोणती जमीन होती, मातीची की लाकडाची, हे मायला आजही ठाऊक नाही.

ती माय त्या दिवशी आमच्या माडीत आली, भिंतीला टेकून बसली, आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "आता ही साफ कशी करायची? शेणामातीची असती तर म्या सांगितलं असतं."

खरा प्रश्न तोच होता. सारवणाची जमीन, शहाबादी फरशी, भाड्याच्या खोलीतला सिमेंटचा कोबा या सगळ्यांशी आमची ओळख होती. लाकडाच्या जमिनीशी आमच्या सात पिढ्यांची ओळख नव्हती. मग आम्ही जे करू नये ते सगळे केले.

पहिली चूक पाण्याची. फरशी धुतात तशी ही धुवायची, एवढीच आमची अक्कल. धुण्याचा सोडा कालवून चार बादल्या पाणी ओतले आणि खराट्याने खसखसून घासले. दिवस पावसाळ्याचे. अर्धे पाणी फटींतून खाली पिठाच्या डब्यावर. उरलेले लाकूड प्यायले. आठ दिवसांत फळ्यांच्या कडा वर उचलल्या, मध्ये पन्हळीसारखा खोलगटपणा आला, आणि बोअरच्या क्षाराच्या पाण्याने वर पांढरट बुरशीसारखे डाग उठले.

दुसरी चूक तेलाची. एका नातलगाने सांगितले की लाकडाला तेल पाजा, चकाकी येईल. घरात शेंगदाण्याचे तेल होते, तेच चोळले. दोन दिवस जमीन खरोखरच चकाकली. तिसऱ्या दिवसापासून पाय चिकटायला लागले. रस्त्यावरची धूळ येऊन त्या तेलात बसली, मुंग्यांच्या रांगा लागल्या आणि खवट वास सुटला. शेवटी पुन्हा प्लॅस्टिकची चटई अंथरून आम्ही हात टेकले. पुढची दोन-अडीच वर्षे ती माडी अडगळीची खोली झाली.

इथे एक घरातली गोष्ट सांगितली पाहिजे. सांगताना लाज वाटते, पण या पानावर खरे लिहायचे नाही तर कुठे लिहायचे?

२०२२ चा एप्रिल महिना. परमपूज्य बाबासाहेबांच्या जयंतीसाठी आमच्या मुलीचे भाषण बसवणे चालू होते. विषय हिंदू कोड बिलाचा. भाषण अर्थातच आम्ही लिहून दिलेले. स्त्रियांच्या हक्कांचे ते बिल मार्गी लागेना म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे वाक्य आले की टाळ्या पडतात, तिथे थोडे थांबायचे, असे आम्ही खुर्चीवर बसून शिकवत होतो. त्याच वेळी आमच्या आयुष्मती खाली वाकून फरशी पुसत होत्या आणि फडके आमच्या खुर्चीपर्यंत आले की आम्ही पाय वर उचलत होतो.

पोरगी बोलता बोलता थांबली. म्हणाली, "पप्पा, एक विचारू? आपल्या घरातली फरशी नेहमी आई आणि मीच का पुसतो? दादा का नाही? तुम्ही का नाही?"

आमच्या आयुष्मती काही बोलल्या नाहीत. फडके बादलीत पिळले आणि पुढच्या खोलीत गेल्या. मुलगा मोबाईलमध्ये तोंड घालून म्हणाला, "ते बायकांचं काम असतं." पोरगी लगेच म्हणाली, "आजीला पण गावातले लोक असंच म्हणायचे ना? ते तुमचंच काम असतं म्हणून?"

वीस वर्षे आम्ही वस्त्यावस्त्यांतून बोलत आलो की काम हलके नसते, जन्मावरून ते माथी मारणे हलके असते. आणि आमच्याच घरात काम जन्मावरून वाटलेले होते. फरक एवढाच की जातीच्या ठिकाणी बाईचा जन्म होता. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

मे महिन्यात आम्ही रजा काढली आणि ठरवले की माडीची जमीन नीट करायची, आणि ती आम्ही व मुलाने करायची. लाकडाची माहिती असलेले माणूस पाहिजे होते. ओळखीच्या एका मित्राने एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेले. वय सत्तरीच्या आसपास, आयुष्य वाड्यांची दारे-खिडक्या करण्यात गेलेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी माडीवर येऊन चटई उचलली, हाताने फळी चाचपली, नखाने खरवडून वास घेतला आणि हसले. म्हणाले, "पानी नक्को साब. लकडी प्यासी नहीं है, भूकी है. उसको तेल होना. मगर खाने का तेल नहीं, सूखने वाला तेल होना."

चाचांनी आधी फळीवर पाण्याचा एकच थेंब टाकला. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर वरचा मुलामा शाबूत आहे, नुसते पुसून भागते. थेंब आत शोषला जाऊन डाग काळसर पडला तर मुलामा गेला आहे, लाकूड उघडे पडले आहे. आमच्याकडे थेंब पाहता पाहता नाहीसा झाला.

मग काम सुरू झाले. वर आलेले खिळे दाबून आत ठोकले, नाहीतर घासताना कागद फाटतो आणि बोटेही. उन्हाने लाकूड चांगले वाळले होते, पुष्कळशा फळ्या आपोआप बसल्या होत्या. चाचा म्हणाले, हे काम मे महिन्यातच करावे, ओल्या लाकडाला तेल लागत नाही. मोठ्या फटींत सागाच्या बारीक पट्ट्या ठोकल्या, लहान फटींत लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भरला. आमच्या शेंगदाण्याच्या तेलाचा चिकट थर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून काढला. मग पॉलिश पेपर. आधी साठ नंबरचा जाड, मग एकशेवीसचा, शेवटी दोनशेवीसचा मऊ. घासायचे ते लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. आडवे घासले तर ओरखडे पडतात आणि तेल लावल्यावर ते जास्तच उठून दिसतात. नाकातोंडाला रुमाल बांधायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या.

सांगायला हे चार ओळींचे आहे. करायला आम्हाला सहा दिवस लागले. दुसऱ्या दिवशी आमचे गुडघे सुजले. तिसऱ्या दिवशी कमर धरली. मुलगा पहिल्या दिवशी रडकुंडीला आला होता, चौथ्या दिवशी तो न सांगता पेपर घेऊन बसला, कारण त्याच्या हाताखालून सोनेरी रेषा निघायला लागल्या होत्या. त्या दुपारी तो हळूच म्हणाला, "पप्पा, आजी रोज इतकं वाकायची?" आम्ही म्हणालो, "रोज. आणि तुझी आई अजूनही वाकते."

घासून झाल्यावर भुसा झाडून घेतला, कोरड्या आणि मग टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसला. सागवानात मुळातच तेल असते, ते वरून पुसले नाही तर नंतरचा थर लवकर वाळत नाही. मग चाचांचे सूखने वाले तेल. ते म्हणजे आपले जवसाचे, ज्याला अळशीचेही म्हणतात. आपल्या भागात जवसाची चटणी कोणाला माहीत नाही? पण हेच तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळते आणि लाकडाच्या छिद्रांत घट्ट बसते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे तेल असे वाळत नाही, म्हणून चिकटते. कच्चे जवस तेल वाळायला कित्येक दिवस घेते. रंगाच्या दुकानात 'डबल बॉईल' म्हणून मिळते ते दिवस-दोन दिवसांत वाळते. ते फक्त लाकडासाठी, खाण्यासाठी नव्हे.

पहिल्या हाताला तेल आणि टर्पेंटाइन निम्मे निम्मे. कापडाने पातळ लावायचे, पंधरा-वीस मिनिटे थांबायचे, आणि जे वर उरले ते सगळे पुसून काढायचे. जास्त लावले म्हणजे जास्त चकाकी, हा आपला भ्रम. उरलेले तेल वर राहिले की त्याची चिकट साय धरते. वाळू द्यायचे, मग दुसरा हात, मग तिसरा. दोन हातांच्या मध्ये मऊ कागद अलगद फिरवायचा.

एक धोका सगळ्यांनी लक्षात ठेवावा. जवस तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना गरम होते, आणि ढिगात ती उष्णता कोंडून फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. काडी लावायची गरज नाही. चाचांनी आम्हाला प्रत्येक संध्याकाळी सगळी फडकी पाण्यात बुडवून मग अंगणात एकेक पसरून वाळवायला लावली.

शेवटचा हात मेणाचा. मधमाशीचे मेण किसून डब्यात घातले, डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवले, आणि चूल विझवून, डबा दूर नेऊन मग त्यात टर्पेंटाइन मिसळले. टर्पेंटाइन भडकते, विस्तवाजवळ ते कधीच नेऊ नये. थंड झाल्यावर लोण्यासारखे झाले. ते बोटभर घेऊन फळीवर पातळ पसरले आणि अर्ध्या तासाने सुती कापडाने घासले. कापडासाठी मायने आपले जुने नऊवारी लुगडे काढून दिले. धुऊन धुऊन इतके मऊ झालेले की त्यासारखे दुसरे कापड नाही. जसजसे लुगडे फिरत गेले तसतशी जमीन उजळत गेली. खिडकीतून आलेले ऊन तिच्यावर पडले आणि छतावर त्याचा कवडसा उठला.

त्या रात्री आम्ही विनयपिटक काढून बसलो. महावग्गात शिष्याने आपल्या उपाध्यायाचा विहार कसा स्वच्छ करावा हे तथागतांनी बारकाईने सांगितले आहे. आधी पात्र-चीवर बाहेर काढून ठेवावे. मंच उचलताना दाराला धक्का लागू देऊ नये. जाळी-जळमटे आधी वरून काढावीत. रंग दिलेली जमीन डागाळली असेल तर फडके भिजवून, पिळून मग पुसावी. मुलामा नसलेली जमीन असेल तर धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडून झाडावी. फडके पिळून! अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आम्ही वाचला असता तर चार बादल्या पाणी ओतले नसते.

पण आमचे लक्ष वेधले ते पुढच्या भागाने. शिष्य आजारी पडला तर हीच सगळी सेवा उपाध्यायाने शिष्यासाठी करावी, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे झाडू हातात कोणी धरायचा हे संघात जन्माने ठरत नव्हते, मोठेपणानेही ठरत नव्हते. गरजेने ठरत होते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रस्ता झाडणाऱ्या सुनीताची कथा घेतली आहे. तथागतांनी त्याला संघात घेतले. बाहेर झाडू हीच त्याची जात होती, संघात आल्यावर तो भिक्खू झाला. विहार तिथेही झाडावाच लागत असे, पण सगळ्यांनी.

आपल्यातले काहीजण म्हणतील, आपण गावकी सोडली, शेणाचे टोपले सोडले, मग आता पुन्हा फडक्याचे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला समाजाला सांगितले ते स्वच्छ राहा आणि स्वाभिमानाने राहा असे. या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र सांगितल्या. आपण सोडली ती सक्ती आणि अपमान. स्वच्छता सोडलेली नाही. स्वतःचे घर स्वतः स्वच्छ करण्यात अपमान नाही. घरातल्या एकाच माणसावर ते ढकलण्यात मात्र आहे.

आपल्या बहुतेक वाचकांच्या घरी लाकडी जमीन नाही, हे आम्ही जाणतो. शहाबादी, कोटा किंवा टाइल्स असतील. पण मूळ नियम तोच. चकाकी घालवते ती धूळ आणि चपलेसोबत येणारी वाळू. तिचे कण पायाखाली कानसेसारखे घासतात. म्हणून दाराशी गोणपाट ठेवा, चपला बाहेर ठेवा, पुसण्याआधी कोरडे झाडा, फडके पिळून घ्या. कर्नाटकातल्या शहाबादची फरशी आणि राजस्थानातला कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. त्यांच्यावर ॲसिड टाकले की फेस येतो आणि घाण निघाल्यासारखे वाटते. तो फेस म्हणजे दगड विरघळतो आहे. एकदा खरबरीत झाली की ती फरशी दुप्पट मळते.

आणि दुसऱ्यांच्या घरी धुणी-भांडी, फरशी करणाऱ्या आमच्या मायबहिणींसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे पाणी कधीही एकत्र करू नका, मालकिणीने सांगितले तरी नाही. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो, छाती जळते, बंद न्हाणीत जीवावर बेतू शकते. हातमोजे मागा, लांब दांड्याचा पोछा मागा. तो हट्ट नाही, तो तुमच्या फुप्फुसांचा आणि गुडघ्यांचा हक्क आहे.

आमच्या माडीवरची जमीन आता सांभाळायला सोपी आहे. रोज मऊ केरसुणीने कोरडी झाडतो. आठवड्यातून एकदा घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसतो आणि लगेच कोरडी करतो. पाणी सांडले तर तिथल्या तिथे टिपतो. मेणाचा हात वर्षातून एकदोनदा. जालन्यासारख्या पाण्याची वाट पाहणाऱ्या गावात बादली-बादली पाणी वाचते हा आणखी एक लाभ. सागवान कोरडे ठेवले तर किती टिकते याचे उदाहरण आपल्याच धम्माच्या घरात आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताला दगडात बसवलेल्या लाकडी कमानी आहेत, त्या दोन हजार वर्षांच्या आहेत असे अभ्यासक सांगतात. आमची माडी तर शंभर-सव्वाशे वर्षांची, म्हणजे अजून लेकरूच.

भिंतीवर एक वेळापत्रक लावले आहे. सोमवार-गुरुवार आम्ही, मंगळवार-शुक्रवार मुलगा, बुधवार मुलगी, शनिवार आमच्या आयुष्मती. रविवारी सगळे मिळून, कारण रविवारी माडीवर वस्तीतली लेकरे अभ्यासाला येतात. पहिले दोन महिने आम्ही सोमवार विसरायचो, नंतर विसरायचे सोडून दिले, कारण मुलगी आमच्या ताटाशेजारी फडके आणून ठेवायची.

२०२२ च्या बुद्ध पौर्णिमेला माडीवर पहिली वंदना झाली. शेजारपाजारची मंडळी आली होती. सगळे जमिनीवर बसले, कोणाला सतरंजी घालायची आठवणच राहिली नाही. वंदना झाली, खीर वाटून झाली, मंडळी गेली. माय एकटीच मधोमध बसून राहिली होती. तिने दोन्ही तळहात जमिनीवर टेकवले आणि सारवताना फिरवतात तशी बोटे त्या गुळगुळीत फळ्यांवर कमानीत फिरवली. कमान उमटली नाही. माय स्वतःशीच हसली.

आम्हाला वाटले, माय आता काहीतरी मोठे बोलणार. आम्ही जवळ जाऊन बसलो. "कशी झाली गं जमीन?"

मायने मान वळवून सगळी माडी न्याहाळली. जिन्याजवळच्या कोपऱ्याकडे बोट केले.

"चांगली झाली. पण त्यो कोपरा राह्यला बघ."

लुगड्याचे फडके तिच्याच उशाशी होते. ते उचलून आम्ही कोपऱ्याकडे निघालो. आमचा मुलगा आमच्या आधी तिथे जाऊन बसला होता.

जयभीम! नमो बुद्धाय!